मऊ कूज: जीवाणूंचा मुक्काम आणि पिकातला शिरकाव

मऊ कूज म्हणजे वनस्पतीच्या रसरशीत भागातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर विरघळणे आणि त्या भागाचा लगदा होणे. पेशी मरण्याआधी एकमेकींपासून सुटतात. त्यामुळे रोगट बटाटा बाहेरून धड दिसतो. बोट टेकवले की साल फाटते आणि आतून पांढुरका, दाणेदार चिखल बाहेर येतो. कुजलेला भाग कुठे संपतो आणि चांगला भाग कुठे सुरू होतो, हे कापल्यावर डोळ्यांना स्पष्ट दिसते. दोहोंच्या सीमेवर बहुधा तपकिरी-काळी कड असते. ताज्या कुजीला फारसा वास नसतो. नाक धरायला लावणारी दुर्गंधी नंतर येते आणि ती मागाहून शिरलेल्या इतर जीवाणूंची असते. बटाटा, कांदा, गाजर, कोबी, मिरची, केळीचा कंद, मक्याचे खोड, कोरफड, ऑर्किड अशा नात्याने दूरदूरच्या पिकांवर हा एकच प्रकार दिसतो, कारण जीवाणूंचा हल्ला सर्व वनस्पतींत असलेल्या पेक्टिनवर होतो.

पेक्टिन विरघळवण्याची ताकद अनेक जीवाणूंत आहे. शीतगृहातल्या कोबी-लेट्यूससारख्या पालेभाज्यांवर स्युडोमोनास, कांद्याच्या पाकळ्यांवर बर्खोल्डेरिया, हवाबंद ढिगात क्लॉस्ट्रिडियम हे जीवाणूही तेच करतात. उलट, नाव कुजीचे असले तरी प्रत्येक कूज जीवाणूंची नसते. आल्या-हळदीची कंदकूज मुख्यतः पिथियम या बुरशीसदृश जीवाची असते आणि तिचे उपायही वेगळे आहेत. जगभरच्या शेतीत मऊ कुजीचे सर्वाधिक नुकसान पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया या दोन प्रजातींमुळे होते. वनस्पतिरोगतज्ज्ञांच्या मतांवरून २०१२ मध्ये पिकांवरच्या दहा महत्त्वाच्या जीवाणूंची क्रमवारी लावली गेली, तेव्हा या दोघांना नववे आणि दहावे स्थान मिळाले होते.

१९०१ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एल. आर. जोन्स यांनी कुजलेल्या गाजरातून एक जीवाणू वेगळा काढला आणि त्याला ‘बॅसिलस कॅरोटोव्होरस’ म्हटले. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये व्हॅन हॉल यांनी बटाट्याचे खोड बुंध्याशी काळे पाडणाऱ्या जीवाणूचे वर्णन केले. त्या रोगाला आज ब्लॅकलेग म्हणतात. जीवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतात, हे युरोपातील जाणत्यांशी वाद घालून पटवून देणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांच्या सन्मानार्थ १९१७ मध्ये ‘एर्विनिया’ ही प्रजाती मांडली गेली. मऊ कुजीचे जीवाणू तिच्यात गेले आणि जवळजवळ शतकभर तिथेच राहिले. वाल्डी यांनी १९४५ मध्येच ‘पेक्टोबॅक्टेरियम’ हे वेगळे नाव सुचवले होते, पण ते रूढ झाले १९९८ नंतर, जनुकीय पुराव्यांच्या आधारे. २००५ मध्ये उष्णताप्रिय गट ‘डिकेया’ म्हणून वेगळा झाला. हे नाव रॉबर्ट डिकी या अमेरिकी संशोधकावरून आहे. पुढे २०१६ मध्ये या दोन्ही प्रजाती पेक्टोबॅक्टेरिएसी या स्वतंत्र कुलात गेल्या. केळीच्या बागेत किंवा कृषी सेवा केंद्रात मात्र आजही ‘इर्विनिया’ हेच नाव चालते आणि व्यवहारात त्याने काही अडत नाही.

हे जीवाणू म्हणजे एक ते तीन मायक्रॉन लांबीच्या दांड्या. अंगभर कशाभिका, त्यामुळे पाण्यात पोहणाऱ्या. त्यांच्या दोन गुणांवर पुढचे सगळे चित्र उभे आहे. ते बीजाणू तयार करत नाहीत, म्हणून कोरड्या, उपाशी परिस्थितीत दीर्घकाळ तग धरू शकत नाहीत. आणि ते ऑक्सिजन असताना जसे वाढतात तसे नसतानाही वाढतात. वनस्पतीला ते जमत नाही.

जमीन, पाणी, हवा, माशी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक समज पक्का होता: हे जीवाणू जमिनीत सर्वत्र असतात आणि पीक आले की त्यावर चढतात. तो खोडून काढणे सोपे नव्हते, कारण मातीतल्या असंख्य जीवाणूंच्या गर्दीतून नेमके हेच मोजायचे कसे, हा प्रश्न होता. क्रिस्टल व्हायोलेट हा रंग आणि पेक्टेट घातलेल्या माध्यमाने तो सोडवला. या माध्यमावर मऊ कुजीचे जीवाणू आपल्याभोवतीचे पेक्टेट खाऊन खळगे पाडतात आणि त्या खळग्यांवरून ओळखू येतात. १९७४ मध्ये कपल्स आणि केलमन यांनी मांडलेले हे माध्यम सुधारित रूपात आजही प्रयोगशाळांत वापरतात.

मोजणी शक्य झाल्यावर चित्र बदलले. पीक नसलेल्या, अवशेष नसलेल्या मातीत हे जीवाणू तापमान, ओल आणि सामू यांनुसार आठवडाभर ते फार तर सहा महिने टिकतात. थंड, ओलसर मातीत जास्त, तापलेल्या कोरड्या मातीत फार कमी. उन्हाळ्यात नांगरून ढेकळे तापू देण्याची जुनी रीत या जीवाणूंपुरती तरी शास्त्राला धरून आहे. मात्र मातीत न कुजलेले बटाटे, कोबीचे बुडखे, केळीचे जुने कंद राहिले किंवा मागच्या हंगामातले बटाटे आपोआप उगवले, तर हिशेब बदलतो. काही तणांच्या मुळांभोवतीही हे जीवाणू अल्प संख्येने राहतात. थोडक्यात, माती हे त्यांचे घर नाही. मातीतली वनस्पती आहे.

पाण्याची गोष्ट वेगळी. स्कॉटलंड आणि कोलोरॅडो इथल्या नद्या, ओढे, कालवे यांच्या तपासण्यांत १९८०च्या दशकात हे जीवाणू वारंवार सापडले. त्याच काळात अमेरिकी संशोधकांना ते पावसाच्या आणि समुद्राच्या पाण्यातही आढळले. अलीकडे तर काही जाती प्रथम पाण्यातूनच कळल्या: २०१४ मध्ये नोंदवलेली डिकेया अक्वॅटिका आणि २०१९ मध्ये फ्रान्समधील पाण्यातून वर्णिलेली पेक्टोबॅक्टेरियम अक्वॅटिकम. या जलवासी जातींचे पिकांशी नाते काय, हे चित्र अजून भरत आहे. पण पाण्यात जीवाणू सापडला म्हणजे रोग पाण्यातून आला, असा निष्कर्ष काढण्याची घाई बरी नव्हे. उघड्या जलाशयाच्या पाण्यातले जीवाणू बहुतेक वेळा इतके विरळ असतात की त्यांनी थेट साथ येत नाही. धोका दुसरा आहे: रोगमुक्त बेण्यापासून वाढवलेल्या स्वच्छ पिकावर तुषार सिंचनाने हे पाणी पडले, की ते पीक पहिल्यांदा दूषित होते. मक्यात तर पोंग्यात साचणाऱ्या पाण्यातून डिकेया झिई सरळ खोडात शिरते. तुषार सिंचनाखालच्या मक्यात खोडकुजीचे प्रमाण वाढते ते यामुळेच.

हवेतून प्रसार होतो, हे स्कॉटलंडमधील ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दाखवले. ब्लॅकलेग झालेल्या खोडावर पावसाचा थेंब आपटला की त्यातून अतिसूक्ष्म तुषार उडतात. या तुषारांतले जीवाणू पाच-दहा मिनिटे जिवंत राहू शकतात आणि वाऱ्यावर काहीशे मीटर जाऊ शकतात. काढणीआधी बटाट्याचा पाला यंत्राने ठेचून काढण्याची पद्धत असलेल्या ठिकाणी तर हे तुषार फार मोठ्या प्रमाणावर तयार होतात. दमट, ढगाळ हवेत हा प्रवास यशस्वी होतो, कडक उन्हात नाही.

कीटकांचा भाग सर्वांत मनोरंजक आहे. मिनेसोटा विद्यापीठात जे. जी. लीच यांनी १९२०च्या दशकापासून माश्यांच्या अळ्या आणि बटाट्याचा ब्लॅकलेग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. बेण्याच्या जखमेवर अंडी घालणाऱ्या माशीच्या अळ्या जखम भरू देत नाहीत आणि त्याच वेळी जीवाणू आत पोचवतात. पुढे कुजलेल्या ढिगांवर घोंघावणाऱ्या फळमाश्यांवर लक्ष गेले. २००० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की या जीवाणूंचे काही वाण फळमाशीच्या अळीच्या आतड्यात टिकतात आणि तिची प्रतिकारयंत्रणा जागी करतात. २००३ मध्ये त्यासाठी लागणारे जनुकही सापडले. डिकेया डॅडंटी ही जात तर वाटाण्यावरच्या माव्याला मारू शकते. पिकाचा रोगकारक समजला जाणारा जीवाणू कीटकाशी इतका सलगीने वागतो, यावरून त्याचे आयुष्य शेताच्या बांधाबाहेर किती पसरले आहे हे कळते. काढणीच्या मैदानाशेजारी टाकलेला सडक्या मालाचा ढीग म्हणूनच निरुपद्रवी कचरा नसतो. तिथून माश्या उठतात आणि ताज्या जखमांवर बसतात.

बेण्यातला दडलेला प्रवासी

हे सगळे मार्ग खरे असले तरी बटाट्यात मुख्य मार्ग एकच: बेणे. बटाट्याच्या सालीवर हवा आत-बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, त्यांना वल्करंध्रे म्हणतात. ओल्या जमिनीतून काढलेल्या बटाट्यावर ती पांढऱ्या फुगीर ठिपक्यांसारखी डोळ्यांना दिसतात. मऊ कुजीचे जीवाणू या रंध्रांत, सालीच्या बारीक भेगांत आणि देठाच्या टोकाकडच्या वाहिन्यांत शिरून राहतात. तिथे ते कोरडे होत नाहीत, उपाशी मरत नाहीत आणि पुढच्या लागवडीपर्यंत साठवणुकीचे महिने निभावून नेतात. बाहेरून बटाटा उत्तम दिसतो.

लागवडीनंतर मूळ बेण्याचा तुकडा जमिनीत कुजतो. थोडीफार कूज नैसर्गिकच असते, पण दूषित बेण्यात ती लवकर आणि जोराने येते. कुजीतून कोट्यवधी जीवाणू मातीच्या पाण्यात उतरतात आणि त्याच सरीतल्या नव्या बटाट्यांच्या रंध्रांपर्यंत पोचतात. काही खोडाच्या वाहिन्यांतून वर चढतात. त्यातून ब्लॅकलेग होतो. पुष्कळदा खोडावर कोणतेही लक्षण दिसत नाही आणि तरी सगळे नवे पीक दूषित होते. काढणी, प्रतवारी, पोत्यात भरणे या प्रत्येक टप्प्यावर एखादा सडका बटाटा ओल्या लगद्याने यंत्राचे पट्टे, टोपल्या आणि शेजारचे शेकडो बटाटे माखून टाकतो.

स्कॉटलंडमध्ये १९६७ पासून खोडाच्या फाट्यांपासून जीवाणूमुक्त बेणे तयार करण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा वाटले होते की ब्लॅकलेग आता संपेल. संपला नाही. प्रयोगशाळेतून निघालेले स्वच्छ बेणे शेतात दोन-तीन पिढ्या वाढले की पुन्हा दूषित होत असे, कारण वर सांगितलेले पाणी, वारा आणि माश्या तिथे होत्याच. या अनुभवातून निघालेला धडा आजही लागू आहे: संपूर्ण निर्जंतुक बेणे हे उद्दिष्ट शेतात टिकत नाही, दूषितपणा कमी ठेवणे आणि शेतातल्या पिढ्या मोजक्या ठेवणे एवढेच साधते.

झोपलेला जीवाणू कशाने जागा होतो

दूषित बटाट्यांपैकी बहुतेक कधीच कुजत नाहीत. जीवाणूचे असणे आणि रोग होणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कापले जाते ते पाण्याच्या पातळ थरामुळे.

बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्याच्या सालीवर पाण्याचा अखंड पापुद्रा बसला की रंध्रांतून ऑक्सिजन आत जाणे जवळजवळ थांबते आणि साधारण २० अंश सेल्सियस तापमानाला दोन-तीन तासांतच आतला ऑक्सिजन संपतो. आता बटाट्याला जखम भरता येत नाही, सालीखाली कडक संरक्षक थर घालता येत नाही, जीवाणूविरोधी रसायने बनवता येत नाहीत. या साऱ्याला ऑक्सिजन लागतो. पेशींची आवरणेही गळकी होतात आणि साखर-क्षार रंध्रांकडे झिरपू लागतात. जीवाणूला ऑक्सिजनची गरज नाही, अन्न समोर आले आहे आणि पाण्याने रंध्राच्या तोंडाशी पोहायला वाटही करून दिली आहे. कुजीची सुरुवात इथे होते. हे एक सूत्र हाती ठेवले की शेतापासून ढिगापर्यंतच्या बहुतेक घटनांचा उलगडा होतो.

पण पहिल्या काही जीवाणूंनी लगेच हल्ला केला तर तो फसतो. त्यांच्या विकरांनी तुटलेले पेक्टिनचे तुकडे वनस्पतीला धोक्याची सूचना देतात आणि ती प्रतिकार उभा करते. म्हणून पेक्टोबॅक्टेरियम वाट पाहतो. प्रत्येक जीवाणू एक छोटा संदेशरेणू बाहेर सोडत असतो. संख्या थोडी असेपर्यंत तो रेणू विरून जातो. दाटी झाली की त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जाते आणि सगळ्यांचे विकर-उत्पादन एकदम सुरू होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही यंत्रणा उलगडली. हा रेणू बनवू न शकणारे उत्परिवर्तित जीवाणू वाढतात, पण कुजवत नाहीत. २००१ मध्ये सिंगापूरमधील संशोधकांनी याच्या उलट बाजूने पुरावा दिला: संदेशरेणू मोडणारे, बॅसिलस या दुसऱ्याच जीवाणूचे जनुक घातलेले तंबाखू आणि बटाट्याचे रोप मऊ कुजीला दाद देईनासे झाले. प्रयोग देखणा होता, पण असे वाण शेतात आले नाहीत.

हल्ल्याचे हत्यार म्हणजे विकरांचा संच. एक विकर पेक्टिनवरचे मिथाइल गट काढून त्याचे पेक्टेट करते. पेक्टेट लायेज नावाची अनेक विकरे त्या साखळ्या तोडतात. जोडीला सेल्युलेज आणि प्रथिने तोडणारी प्रोटिएज असतात. पेक्टेट लायेज किंचित अल्कधर्मी वातावरणात, सामू आठच्या वर, उत्तम चालतात. वनस्पतीच्या पेशींमधली जागा मात्र आम्लधर्मी असते. सुरुवातीची कूज म्हणून मंद वाटते. पेशी फुटून सामू वाढला की वेग येतो. त्यातच तुटलेल्या पेक्टिनचे तुकडे जीवाणूच्या आत गेले की विकर बनवण्यावरचा लगाम सुटतो आणि अधिक विकरे तयार होतात. लियाँ येथील संशोधकांनी डिकेयावर काम करून ही साखळी तपशीलवार उलगडली आहे. चोवीस तासांपूर्वी एक ठिपका असलेला बटाटा दुसऱ्या दिवशी अर्धा लगदा झालेला दिसतो, त्यामागे हे स्वतःलाच चेतवणारे चक्र आहे.

वनस्पतीच्या बाजूने कॅल्शियमचे वजन महत्त्वाचे ठरते. पेक्टिनच्या साखळ्या कॅल्शियमने बांधल्या गेल्या की विकरांना त्या तोडणे जड जाते. विस्कॉन्सिनमध्ये केलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले की ज्या बटाट्यांत कॅल्शियम अधिक, त्यांत मऊ कूज कमी. नत्र अति दिलेल्या, पाणी साचलेल्या, कोवळ्या सालीच्या पिकात मात्र उलटे घडते.

तापमानाने बदलणारा रोग

एकाच शेतात कोणती जात पुढे येईल, हे बरेचसे तापमान ठरवते. पेक्टोबॅक्टेरियम अॅट्रोसेप्टिकम थंड हवेचा. २५ अंशांखाली तो ब्लॅकलेग घडवतो आणि ३७ अंशांना वाढतच नाही. पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरमची झेप मध्यम तापमानात. डिकेया ३४ ते ३७ अंशांपर्यंत जोमाने वाढतो. एकाच नमुन्याच्या बशा २७, ३३.५ आणि ३७ अंशांना ठेवून कोणत्या बशीत खळगे पडतात, यावरून पूर्वी प्रयोगशाळा जाती ओळखत असत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की थंड प्रदेशात निरोगी दिसलेले बेणे उष्ण प्रदेशात रोगी ठरू शकते. २००५च्या सुमारास नेदरलँड्समध्ये डिकेयाचा एक नवा, आक्रमक गट लक्षात आला. २०१४ मध्ये त्याला डिकेया सोलानी हे नाव मिळाले. काही वर्षांत तो युरोपभर पोचला आणि डच बेण्यासोबत इस्रायललाही गेला. तिथल्या उष्ण हंगामात पिकाचे मोठे नुकसान झाले, जरी निघताना बेण्यावर कोणतेही लक्षण नव्हते. स्कॉटलंडने २०१० मध्ये कायदा करून बेणे-बटाट्यात डिकेयाला शून्य सहनशीलता जाहीर केली. अमेरिकेच्या पूर्व भागात २०१५च्या हंगामात उगवण फसण्याच्या तक्रारी आल्या आणि त्यामागे डिकेया डायँथिकोला असल्याचे व माग मेन राज्यातील बेण्यापर्यंत जात असल्याचे आढळले. डोळ्यांनी शेत पाहून दिलेला दाखला या रोगाबाबत किती अपुरा आहे, हे दोन्ही प्रसंगांनी पुरेसे स्पष्ट केले.

महाराष्ट्रातली तीन पिके

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार आणि खेड परिसरात खरीप बटाटा होतो. त्याचे बेणे प्रामुख्याने पंजाबातून, शीतगृहातून निघून ट्रकने येते. शीतगृहातला थंडगार बटाटा जूनच्या दमट हवेत उघडला की त्याला घाम सुटतो. हा घाम म्हणजेच वर सांगितलेला पाण्याचा पापुद्रा. पोती थप्पीत तशीच राहिली, घामेजलेले बेणे लगेच कापले आणि तुकडे ओल्या मातीत पडले, तर जीवाणूला हवे ते सगळे एकाच दिवसात मिळते. पेरणीनंतर पावसाने सरीत पाणी तुंबले की उगवणीत खाडे पडतात. दोष बहुधा बेण्याला किंवा व्यापाऱ्याला दिला जातो. बेणे दूषित असू शकते. पण तेच बेणे पसरून, हवा लावून, कोरडे करून लावलेल्या शेजाऱ्याच्या शेतात बरे उगवलेले दिसते, त्याचे कारण या पाण्याच्या थरात असते.

कांद्यात जीवाणू मानेतून शिरतात. पात हिरवी असताना काढलेला, मान जाड राहिलेला, काढणीच्या तोंडावर पाऊस लागलेला किंवा मान अगदी बुडाशी कापलेला कांदा चाळीत आतून एक-दोन पाकळ्या पाणचट होऊन सडतो; बाहेरच्या पाकळ्या धड असतात. दाबल्यावर मानेतून पांढुरके पाणी येते. इथे पेक्टोबॅक्टेरियमच्या जोडीला बर्खोल्डेरियाही असतो आणि दोघांत फरक नुसत्या नजरेने करता येत नाही. कांदा पातीसह शेतात तीन-चार दिवस, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकत वाळवणे, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापणे आणि सावलीत सुकवणे ही शिफारस मानेचे दार बंद करण्यासाठीच आहे. चाळीला खालून आणि बाजूने हवा हवी, ती याच कारणाने. २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता या मर्यादेत कांदा बरा टिकतो. पावसाळ्यात आर्द्रता चढली की सड वाढते.

केळीतली कंदकूज, म्हणजे खानदेशातली ‘इर्विनिया’, विशेषतः ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपांच्या पहिल्या काही महिन्यांत दिसते. झाड हलवले की बुंध्याशी मोडून पडते आणि कंद जमिनीतच राहतो. कापलेल्या कंदातून पिवळसर-तांबूस द्रव आणि घाण वास येतो. उष्ण माती, खड्ड्यात साचलेले पाणी आणि कोवळ्या कंदाला आंतरमशागतीत झालेल्या जखमा हे तिघे एकत्र आले की हा रोग हमखास येतो. ऊतिसंवर्धनाने विषाणूंचा धोका कमी होतो. मऊ कुजीच्या जीवाणूंपासून हमी मिळत नाही, कारण ते रोपवाटिकेतल्या पाण्यातून किंवा बागेच्या मातीतल्या जुन्या कंदांतूनही येतात.

काय चालते, काय चालत नाही

रोग लागल्यावर बरे करणारे औषध नाही. तांबेयुक्त औषधे पृष्ठभागापुरतीच पोचतात. रंध्रात आणि वाहिन्यांत बसलेल्या जीवाणूंपर्यंत ती जात नाहीत. प्रतिजैविके शेतात ओतणे हा वाईट सौदा आहे: परिणाम तुटपुंजा आणि प्रतिकारक्षम जीवाणू वाढण्याची जोखीम मोठी. गरम पाण्यात बेणे बुडवण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत, पण टनांनी बेणे असताना तापमान काटेकोर राखणे आणि नंतर सगळे वाळवणे सोपे जात नाही. जीवाणूभक्षक विषाणू आणि हितकर जीवाणूंवर काम सुरू आहे. रानटी बटाट्यांत, उदाहरणार्थ सोलानम चाकोएन्समध्ये, चांगला प्रतिकार आढळतो. लागवडीच्या कोणत्याही वाणात पूर्ण प्रतिकार अजून उतरलेला नाही.

चालते ते कंटाळवाणे आहे. शेतातल्या पिढ्या मोजक्या असलेले बेणे. निचरा होणारी जमीन, उंच वरंबे. साल पक्की झाल्यावर, कोरड्या हवेत काढणी. काढणीनंतर १५ ते २० अंशांच्या आसपास हवेशीर जागेत आठ-दहा दिवस, म्हणजे जखमा भरून येतात. मग थंड आणि कोरडी साठवण. विक्रीआधी बटाटे धुवायचेच असतील तर वाहते, क्लोरीन घातलेले पाणी, आणि पोत्यात भरण्याआधी पूर्ण वाळवणे. टोमॅटोसारखा गरम माल थंड पाण्यात बुडवणे तर कटाक्षाने टाळावे. फळ थंड होऊन आतली हवा आकसताना देठाच्या खुणेतून पाणी आणि त्यासोबत जीवाणू आत ओढले जातात.

एक चूक मात्र सर्रास होते आणि ती फुकट टाळता येते. कापलेले बेणे एकाच टबात बुरशीनाशकाच्या द्रावणात बुचकळून काढण्याची पद्धत गावोगाव आहे. मॅन्कोझेबसारखे बुरशीनाशक या जीवाणूंना मारत नाही. एका सडक्या तुकड्याचे जीवाणू त्या टबातून पुढच्या प्रत्येक तुकड्याच्या ताज्या जखमेवर जातात आणि तुकडे ओलेही होतात. बेण्यावर बुरशीनाशक लावायचे असेल तर ते कोरड्या पुडीच्या रूपात चोळावे, कापायचा विळा वारंवार निर्जंतुक करावा, सडका बटाटा कापून ‘चांगला’ अर्धा ठेवण्याऐवजी पुरता फेकावा आणि तुकडे सावलीत सुकल्याशिवाय सरीत टाकू नयेत.